कोरडे दिवस धरायचे नाहीत

मेडस्टन, केंट
शनिवार, २६ मे २००७

प्रिय रश्मी,

पाकिटाची जाडी बघून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. मी धडधाकट आहे, गिरीश आत्ता स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरतोय आणि रडतोय. दर दिवाळीला कार्डावर चार ओळी खरडणारी उल्का एकदम एवढी पानं का लिहायला बसली, असं तुला वाटेल. वाटू दे. गेले चार दिवस मी जमिनीवर नाही. मंगळवारी भर बागेत, एकाहत्तर वर्षांच्या एका इंग्रज शेतकऱ्यासमोर, रोग पडलेलं पान हातात धरून मी चक्क उड्या मारल्या. ही गोष्ट ज्याला आतून कळेल असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि ते भुसावळला बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवतं. म्हणून लिहितेय. निदान सुरुवात तरी त्यासाठीच करतेय.

तू सफरचंदाची बाग पाहिलेली नाहीस. आपण दोघी केळीच्या बागेत वाढलो, तिथे वर बघावं लागतं. इथे झाडं माझ्या खांद्याएवढी, तारेला बांधलेली, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी रांगेत. आमचं संशोधन केंद्र या बागांसाठीच आहे आणि माझं काम स्कॅबचं. स्कॅब म्हणजे खपली. पानावर आधी शेवाळी रंगाचा मखमली डाग, मग फळावर काळी खपली, मग फळ तडकतं. चवीला तसंच लागतं, पण सुपरमार्केट खपलीचं एक फळ आत घेत नाही.

ही बुरशी हिवाळाभर गळून पडलेल्या पानांत राहते. वसंतात त्या पाचोळ्यात तिच्या बारीक पिशव्या पिकतात, पाऊस पडला की पिशव्या फुटून बीजाणू हवेत उडतात आणि कोवळ्या पानावर जाऊन बसतात. पान पुरेसा वेळ ओलं राहिलं, म्हणजे अकरा अंशांना साधारण तेरा-चौदा तास, की बीजाणू रुजतो. पुढचे दोन आठवडे मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. डाग दिसला तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही आधीच सांगायचं. प्रश्न दोनच: पाचोळ्यात अजून किती बीजाणू शिल्लक आहेत, आणि पान किती तास ओलं होतं? दुसऱ्याचं उत्तर बागेत लावलेली यंत्रं देतात. पहिल्याचं उत्तर मॉडेल देतं. मार्चमध्ये कळी फुटली की त्या दिवसापासून रोजच्या तापमानाची बेरीज करत जायची. बेरीज एका आकड्याला पोचली की साठा संपला, मोसम संपला, शेतकऱ्याने निवांत व्हावं. दर सोमवारी आणि गुरुवारी आमचं बुलेटिन जातं. ईमेलने, आणि अजूनही काहींना फॅक्सने.

या वर्षी एप्रिल असा आला की इंग्लंडचे लोक वेडे झाले. सगळीकडे अर्ध्या बाह्या, आईस्क्रीमच्या गाड्या, फुलोरा दोन आठवडे आधी. आमच्या पर्जन्यमापकात अख्ख्या महिन्यात जेमतेम तीन मिलिमीटर पाणी. ऊन तापतंय म्हणून मॉडेलची बेरीज धावत सुटली. दोन मेला, बुधवारी, स्क्रीनवर आकडा आला, शहाण्णव टक्के. म्हणजे बीजाणू जवळजवळ संपले. आमचा प्रमुख ॲलन खुशीत होता. शेतकऱ्यांच्या फवारण्या वाचणार, फळावर औषधाचा अंश कमी राहणार, सगळ्यांचं भलं.

आणि मी तेव्हा पाचोळा ठेचत होते. फॅव्हरशॅमजवळ केन लॅशम यांची बाग आहे, तिथून मी आठवड्याला चाळीस अशी तीन आठवडे गेल्या वर्षीची पानं वेचून आणली होती. (सगळं ऑफिस त्यांना केन म्हणतं आणि मीही इंग्रजीत म्हणते, पण मराठीत लिहिताना हात अडखळतो, म्हणून तुझ्यापुरते ते केनकाका.) पाचोळा असा वाळलेला की हातात पापडासारखा मोडत होता. एकेक पिशवी सुईने काढायची, काचपट्टीवर दाबायची, मायक्रोस्कोपखाली बघायची. रश्मी, पिशव्या भरलेल्या होत्या! निम्म्याहून जास्त. काही तर अजून पिकलेल्याही नव्हत्या. मॉडेल म्हणत होतं घर रिकामं झालं, आणि इथे दार उघडलं तर सगळी मंडळी आत झोपलेली.

मी संध्याकाळी एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवला. सलग सात दिवस पाऊस नसेल तर त्यापुढचे कोरडे दिवस बेरजेत धरायचेच नाहीत, पुन्हा पाऊस पडेपर्यंत बुरशी जिथे आहे तिथेच थांबली असं मानायचं. उत्तर आलं, शेहेचाळीस टक्के. माझ्या काचपट्ट्यांशी जुळणारं. ही अट मी कुठून काढली ते तू एव्हाना ओळखलं असशील. मी त्या दिवशी ते स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

गुरुवारी ॲलनकडे गेले. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "उल्का, हे मॉडेल पंधरा वर्षं चाललंय. तू एका बागेतली पानं ठेचलीस." मी म्हटलं, "एकशे वीस पानं." तो म्हणाला, "तरीही एकच बाग. मागच्या वर्षी आपण उगाच धोक्याची घंटा वाजवली होती, लोक अजून टोमणे मारतात." त्याचं अगदीच चूक होतं असं नाही, आणि तो दुष्टही नाही. दुपारी बुलेटिन गेलं: स्कॅबचा मोसम संपल्यात जमा, फवारण्यांमधलं अंतर वाढवायला हरकत नाही. त्याच दिवशी हवामान खात्याचा अंदाज आला होता. रविवार रात्रीपासून पाऊस, सोमवारी दिवसभर. सोमवार म्हणजे बँक हॉलिडे, इथे सुट्टीच्या दिवशी पाऊस ठरलेलाच.

शुक्रवारी सकाळी केनकाकांचा फोन. "तुमचं बुलेटिन वाचलं. पण तीन आठवडे तू माझ्या झाडांखाली गुडघे टेकून पानं गोळा करत होतीस. ती तुझी पानं काय म्हणतात?"

ऑफिसच्या बुलेटिनच्या विरोधात सल्ला द्यायचा नसतो, हा नियमच आहे. माझं वर्क परमिट याच नोकरीवर आहे, ती गेली तर बॅगा भरायच्या. फोनवर मागे त्यांचा कुत्रा भुंकत होता आणि ते थांबून राहिले होते. घाई नव्हती त्यांना. आयुष्यात याआधी एकदा मला असंच सरळ विचारलं गेलं होतं, आणि तेव्हा मी जे केलं ते त्या दहा सेकंदांत माझ्या अंगावर आलं. मी म्हटलं, "पानं म्हणतात फवारा. बुलेटिन म्हणतं गरज नाही. बुलेटिन ऑफिसचं आहे, पानं माझी आहेत."

ते हसले. "रविवारी डोरीनच्या बहिणीच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. नॉरफोकला जायचंय. मी फवारायला घरी थांबलो तर डोरीन मलाच फवारेल." मग जरा विचार करून म्हणाले, "असं करू. शनिवारी सकाळी गाला आणि कॉक्सला औषध मारतो, तुझ्या पानांचं ऐकून. रेल्वेच्या कडेचा जुन्या ब्रॅम्लीचा तुकडा तसाच ठेवतो, बुलेटिनचं ऐकून. मग कळेलच, तू खरी की तुझं ऑफिस." (डोरीन त्यांची बायको; गाला, कॉक्स, ब्रॅम्ली या सफरचंदाच्या जाती.)

फोन ठेवल्यावर मी लगेच ॲलनच्या खोलीत गेले आणि काय बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. लपवून ठेवायची हिंमत नव्हती, किंवा या वेळी लपवायचंच नव्हतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. इंग्रज माणूस ओरडत नाही, त्याचा आवाज उलट खाली जातो. "मंगळवारी बोलू," एवढंच म्हणाला. तो शनिवार-रविवार कसा गेला विचारू नकोस. मन रमावं म्हणून गिरीश मला वेम्बलीला घेऊन गेला. ईलिंग रोडवर आंबे आले होते, पण माझं लक्ष सगळं ढगांवर. गिरीश म्हणाला, "गेली नोकरी तर इथेच वडापावचा गाळा टाकू. तू वडे तळ, मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो." मी हसलेही नाही. पाऊस यावा असं वाटत होतं, आणि पाऊस आला तर केनकाकांची ब्रॅम्ली जाणार हेही कळत होतं.

सोमवारी पहाटे पाचला आम्ही गाडी काढली. बागेत पोचलो तेव्हा सगळं चिंब. गिरीश बिचारा लॅपटॉपवर छत्री धरून उभा, स्वतः भिजत, आणि मी यंत्रातून आकडे उतरवून घेतेय. पानं रविवारी रात्रीपासून ओली, तापमान अकरा अंश. पाऊस रिमझिम का होईना, संपेचना. मंगळवारी सकाळी परत गेले तर एकूण सत्तावीस तास ओल. लागतात तेरा-चौदा! बीजाणू पकडायचं आमचं एक यंत्र आहे, हवा ओढून घेतं आणि हवेतलं सगळं चिकट पट्टीवर बसवतं. ती पट्टी काढून मी पोटाशी धरून ऑफिसला आणली, लोक तान्हं मूल आणतात तशी.

मायक्रोस्कोपला डोळा लावला. या बुरशीचा बीजाणू बुटाच्या ठशासारखा दिसतो, तळव्याचा भाग मोठा, टाचेचा लहान. पट्टीवर नुसते ठसेच ठसे! एखाद्या लग्नघराच्या ओसरीवर पडावेत तसे, एकावर एक. मी मोजायला लागले, हजारापर्यंत गेले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून लागले. कधी ॲलन मागे येऊन उभा राहिला कळलंच नाही. मी उठले, तो बसला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दुसरी पट्टी लाव." दुसरी लावली. तीही तशीच. तो उठला, चष्मा पुसला, आणि तिथेच माझ्या टेबलावर बसून नवं बुलेटिन लिहिलं. पहिलं वाक्य होतं, "आमचं गुरुवारचं बुलेटिन चुकीचं होतं." मी त्याच्याकडे बघतच राहिले. पंधरा वर्षांचं मॉडेल त्याने स्वतः बांधलेलं आहे, रश्मी. एका वाक्यात बाजूला ठेवलं.

रुजलेली बुरशी पहिल्या तीन दिवसांत मारता येते, तशी औषधं आहेत. म्हणजे अजून वेळ होता. दोनशे बारा बागायतदार. ईमेल गेले, फॅक्स गेले, आणि मग आम्ही सगळे, रिसेप्शनवरच्या बाईंसकट, फोनला बसलो. सुट्टीवरून परतणारे लोक गाडीत, पेट्रोल पंपावर, एक तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत. "आत्ता? आज?" "हो, आज. उद्या संध्याकाळपर्यंत तरी नक्की." संध्याकाळी माझा आवाज बसला होता. केनकाकांनाही मी म्हटलं, ब्रॅम्लीला आता मारा. तर म्हणाले, "नाही. पैज म्हणजे पैज. तो तुकडा असाही पुढच्या वर्षी काढायचाच आहे. आणि तो नसेल तर तू सिद्ध काय करणार?" डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग दोन आठवडे काहीच नाही. तुला आठवत असेल ते वाट बघणं. हवेत बीजाणू दिसले म्हणजे रोग आलाच असं नाही. मी दोनशे माणसांना धावाधाव करायला लावली होती, आणि बागा हिरव्यागार, टवटवीत, खुशाल. अठरा तारखेला गेले, काही नाही. वीस तारखेला रविवार असून गेले, काही नाही. डोरीनबाईंनी चहा दिला आणि माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मंगळवारी, बावीसला, सकाळी केनकाकांचा फोन: "ये. बघून जा."

रेल्वेलगतच्या तुकड्यात जवळजवळ दर तिसऱ्या पानावर डाग. शेवाळी, मखमली, पुस्तकात असतो तस्सा. बांध ओलांडून गाला आणि कॉक्समध्ये गेले, भिंग घेऊन दोन तास रांगारांगांतून फिरले. एक डाग नाही. एक! आणि मग मी ते रोगट पान हातात धरून उड्या मारल्या. केनकाका म्हणाले, "माझी सगळ्यात जुनी झाडं आजारी पडली आणि तू नाचतेस?" मी शरमले, तर ते स्वतःच हसत सुटले. "नाच, नाच. बाकीची अठरा एकर वाचलीत." परवापर्यंत इतर बागांतूनही तेच कळत गेलं. ज्यांनी त्या तीन दिवसांत फवारलं त्यांच्याकडे तुरळक डाग. ज्यांच्यापर्यंत आमचा फोन पोचला नाही, त्यांच्याकडे विचारायला नको.

आता जे लिहिणार आहे त्याच्या आधी मी उठून पोहे खाऊन आले. कांदा कच्चा होता. पुन्हा बसलेय.

परवा गुरुवारी गावच्या हॉलमध्ये बागायतदारांची बैठक झाली. दीडशे माणसं, मागे सँडविचेस, चहाचा मोठा बंब. ॲलनने सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितली आणि म्हणाला, पुढच्या वर्षीपासून बुलेटिन नव्या नियमाने निघेल, आम्ही त्याला 'उल्काचा नियम' म्हणतो. टाळ्या. गिरीश मुद्दाम अर्धी रजा टाकून लंडनहून आला होता, तो मागे उभा राहून सगळ्यात जोरात वाजवत होता. मग पहिल्या रांगेतून केनकाका उठले. "एक सांग. कोरड्या दिवसांत ही बुरशी थांबते, हे तुला सुचलं कसं?"

मी म्हटलं, "पानं ठेचता ठेचता सुचलं."

सगळे हसले, पुन्हा टाळ्या झाल्या. कुणीतरी माझ्या हातात सँडविच दिलं, ते मी तसंच कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

मला ते सुचलेलं नाही, रश्मी. ते तुला सुचलं होतं. एकोणीसशे सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये, कॉलेजच्या केळीच्या प्लॉटवर. करपा पडलेली वाळकी पानं तू दोन ठिकाणी टांगलीस, निम्मी गोदामात कोरडी, निम्मी तिथेच बाजूला, पण त्यांच्यावर रोज संध्याकाळी पाणी शिंपडायचं. ऊन-थंडी दोन्हींना सारखी. ओल्या पानांतून बीजाणू उडाले, कोरड्यांतून उडेनात. आणि मग कोरडी भिजवलीस तेव्हा ती जिथे थांबली होती तिथून पुढे निघाली. तुझा आनंद मला आठवतो. होस्टेलच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत वर आलीस आणि म्हणालीस, "उल्के, ती कोरडे दिवस धरतच नाही!" तीन आठवडे मी तुझ्याबरोबर मोजलं होतं. रजिस्टरमध्ये डाव्या पानावर तुझे आकडे, उजव्यावर माझे. दोन्ही जुळत होते.

मग सेमिनार. सर म्हणाले, बुरशी तापमानावर चालते, हे जगभर मान्य आहे, तुमच्या मोजणीत गोंधळ आहे, हा भाग काढून टाका. तू म्हणालीस, "सर, उल्काने वेगळं मोजलंय, तिला विचारा." आणि सर माझ्याकडे वळले. माझ्या स्कॉलरशिपचं शिफारसपत्र त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं होतं. मी तुझ्याकडे न बघता म्हटलं, "सर, मोजण्यात चूक झाली असेल."

तू काही बोलली नाहीस. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तो भाग काढलास, डिग्री घेतलीस, पीएचडीचा अर्ज भरला नाहीस. मला स्टेशनवर सोडायला आलीस, डब्यात दशम्या दिल्यास. मी विमानात स्वतःला समजावलं की तू विसरलीस. माझ्या लग्नात तू हसत होतीस, म्हणून मला ते आणखीच खरं वाटलं. दहा वर्षं मी दिवाळीच्या कार्डावर चार ओळी लिहिल्या, कारण पाचवी लिहायला घेतली असती तर हीच लिहावी लागली असती.

बैठकीनंतर गाडीत मी गिरीशला सगळं सांगितलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला वाटलं, तो म्हणेल तेव्हा तू लहान होतीस, घाबरली होतीस. तसं काही म्हणाला नाही. म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मी बँकांचं सॉफ्टवेअर लिहितो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांग. आणि जिचं आहे तिला सांग."

काल सकाळी ॲलनला सांगितलं. मला वाटलं, आता हा मला खोटारडी म्हणणार, आणि म्हणायला हवंच होतं. तो म्हणाला, "त्या मैत्रिणीकडे ते आकडे अजून आहेत का?" मग केनकाकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मलाही नाव सांग तिचं, नीट, हळू." तीन वेळा म्हणून घेतलं. रश्मी. त्यांना 'श्म' काही केल्या जमेना, पण त्यांनी ते फोनशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. जूनच्या बुलेटिनमध्ये 'उल्काचा नियम' हे शब्द नसतील. त्या जागी काय लिहायचं हे ॲलनने तुला विचारायला सांगितलंय.

तर आता, हे सगळं का लिहिलं. आम्ही यावर शोधनिबंध लिहितोय. इतर देशांतही काहींना हीच शंका आलेली आहे असं ॲलन म्हणतो, पण दहा वर्षांपूर्वी, वेगळ्या पिकावर, एवढ्या साध्या प्रयोगाने कुणी दाखवलेलं त्याच्या माहितीत नाही. त्यात पहिलं नाव तुझं असेल आणि केळीचा तो भाग आधी येईल. यासोबत एक फॉर्म आहे. प्रत्येक लेखकाची सही असल्याशिवाय जर्नल निबंध घेत नाही. तुझ्या सहीची जागा मी पेन्सिलने खुणावली आहे. मला माफ कर असं मी लिहिते, पण सहीच्या बदल्यात माफी मागत नाहीये, ते दोन वेगळे कागद समज. तू फॉर्म फाडून टाकलास तर निबंध जाणार नाही, हे ॲलनला मी सांगून ठेवलंय आणि त्याने मान्य केलंय. सरांना आजच वेगळं पत्र टाकतेय. सेमिनारमध्ये मी खोटं बोलले आणि आकडे बरोबर होते, एवढंच त्यात आहे. आणि रश्मी, ते रजिस्टर तुझ्याकडे असो-नसो, तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर पत्राने नको, फोन कर. नंबर पाकिटामागे मोठ्या अक्षरात लिहिलाय. इथे तुमच्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, पण तू ते बघत बसू नकोस. कधीही कर. मी उचलेन, आणि तू बोलत असेपर्यंत मधे बोलणार नाही.

तुझीच, तुझ्या हक्काची,
उल्का